वाचनकक्षातल्या संगणकांवर कोणता ब्राउझर ठेवावा? एआय बंद, चालू की निवडून?

पानउलट

नमस्कार. मी एका सार्वजनिक ग्रंथालयाचा वाचनकक्ष सांभाळते. वाचकांसाठी खुले संगणक आहेत. कोणीही येतो, हवे ते शोधतो, उठून जातो. या सगळ्या संगणकांची मांडणी नव्याने करायची आहे आणि ब्राउझर कोणता, शोधयंत्र कोणते हे मला ठरवायचे आहे. पूर्वी यात ठरवण्यासारखे फारसे काही नसायचे. आता ब्राउझरच्या कडेला एक मदतनीस बसलेला असतो आणि शोधाच्या निकालांवर एक तयार उत्तर.

माझी अडचण कशातून आली ते सांगते. एक बाई वडिलांच्या औषधांविषयी शोधत होत्या. ही दोन औषधे एकत्र घेतलेली चालतात का, एवढाच प्रश्न. निकालांच्या वर एआयने लिहिलेली चौकट आली: बहुतेकांना चालतात. बाई उठायच्या बेतात होत्या. मी शेजारच्या टेबलापाशी होते म्हणून सहज मला विचारले, ‘हे खरं असतं ना हो?’ म्हटले, बघू या. चौकटीने ज्या पानाचा हवाला दिला होता तेच पान आम्ही उघडले. वाक्य तिथे होते. त्याच्या लगेच पुढचे वाक्य मात्र चौकटीत आलेच नव्हते: मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकत्र घेऊ नयेत. वडिलांना नेमका तोच विकार. चौकटीत धादांत खोटे असे काही नव्हते. अट तेवढी गळली होती.

हे कुठल्या एका शोधयंत्राविषयी म्हणत नाही. सारांश करायचा म्हटले की ‘जर’, ‘मात्र’, ‘अपवाद’ हेच शब्द आधी गळतात. माणसाने केला तरी गळतात. पण माणसाने केलेल्या सारांशावर त्याचे नाव असते, त्याला विचारता येते.

दुसरी गोष्ट मला याहून जास्त खुपते. संध्याकाळी संगणक बंद करायला गेले तर एका पडद्यावर ब्राउझरच्या कडेची गप्पांची पट्टी उघडीच राहिलेली. कोणी तरी स्वतःच्या आजाराविषयी, घरच्यांना कसे सांगावे याविषयी लिहिले होते. पहिली ओळ डोळ्यांखालून गेली आणि मी ती बंद केली. आमच्या व्यवसायात कोणी कोणते पुस्तक नेले हे तिसऱ्याला सांगायचे नसते. विचारणारा कितीही मोठा असला तरी नाही. आता वाचक पान वाचता वाचता शंका विचारतो आणि ती शंका, कधी कधी अख्खे पान, दूरच्या सर्व्हरवर जाते. त्याला हे ठाऊक तरी असते का?

मला शोधयंत्राकडून हवे ते इतकेच: तालिकेतले कार्ड जसे पुस्तक कोणत्या फळीवर आहे ते सांगते आणि बाजूला होते, तसे. कार्डच पुस्तकाच्या जागी बसू लागले तर माझ्या वाचकाचे नुकसान आहे. पण सगळेच बंद करावे का, हे ठरत नाही. काही वाचक या सोयी मुद्दाम मागतात, आणि त्यांना नकार देण्याचा मला काय अधिकार, असेही वाटते. तुमच्यापैकी कोणी सामायिक संगणकांसाठी हे ठरवले आहे का? काय ठेवले, काय काढले, आणि का?

जुनाटर्मिनल

पानउलट ताई, संगणककक्षांची देखभाल हेच माझे रोजचे काम, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट वेगळी करा. ब्राउझरमधला एआय आणि शोधपानावरचा एआय यांचे बटण एका ठिकाणी नाही. क्रोममध्ये संस्थांसाठी जनरेटिव्ह एआयच्या सोयी एकगठ्ठा बंद करणारी पॉलिसी, म्हणजे व्यवस्थापकाने लावायचा नियम, आहे, पण ती ब्राउझरमधल्या सोयींपुरती. निकालांच्या वरची चौकट शोधपानाचाच भाग म्हणून सर्व्हरवरून येते, तिला ही पॉलिसी हात लावत नाही. बरेच जण ब्राउझर बदलतात आणि चौकट तशीच दिसली की वैतागतात.

शोधयंत्रांचे बोलायचे तर गूगलने ‘एआय ओव्हरव्ह्यूज’, म्हणजे हीच चौकट, मे 2024 मध्ये अमेरिकेत सर्वांसाठी सुरू केले. पिझ्झावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घाला, हा तिने दिलेला गाजलेला सल्ला त्याच महिन्यातला. ही चौकट कायमची बंद करण्याचे बटण गूगलने दिलेले नाही. मात्र त्याच महिन्यात ‘वेब’ नावाचा फिल्टर आला. तो निवडला की नुसत्या लिंका येतात. शोधाच्या पत्त्यात ‘यूडीएम=14’ (udm=14) जोडले की थेट तोच फिल्टर उघडतो. ब्राउझरमध्ये हा पत्ता स्वतःचे शोधयंत्र म्हणून नोंदवून नेहमीसाठी निवडून ठेवता येतो. माझ्याकडे कित्येक संगणकांवर असेच आहे.

डकडकगो या शोधयंत्राने वेगळी वाट धरली. त्यांच्याकडेही एआय उत्तरे आणि गप्पा आहेत, पण ती किती वेळा दिसावीत हे सेटिंगमध्ये ठरवता येते, अगदी ‘कधीच नको’पर्यंत. शिवाय ‘नोएआय’ (noai) या उपनावाने त्यांचा वेगळा पत्ता आहे. तिथे या सोयी मुळातच बंद आणि एआयने बनवलेली चित्रेही गाळलेली. सामायिक संगणकाला हे फार सोयीचे, कारण कुकी, म्हणजे सेटिंग लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, पुसल्या गेल्या तरी पत्ता तोच राहतो. कागी हे पैसे भरून वापरायचे शोधयंत्र. तिथे प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकले तरच एआयचे झटपट उत्तर येते, एरवी नाही. माझ्या मते हीच खरी रीत आहे, पण खुल्या कक्षात वर्गणीचे खाते चालवणे अवघड.

आता ब्राउझर. विवाल्डी या ब्राउझरने ऑगस्ट 2025 मध्ये उघड भूमिका घेतली: अधिक भरवशाच्या पद्धती सापडेपर्यंत भाषा-मॉडेल (अशा एआयच्या मुळाशी असलेली, मजकूर लिहिणारी प्रणाली) वापरून चॅटबॉट, सारांश किंवा फॉर्म भरायला मजकूर सुचवणारी सोय, यांतले काहीही घालणार नाही. मला ती भूमिका आवडते. इंजिन मात्र क्रोमियमच, म्हणजे क्रोमचेच, आहे. फायरफॉक्सचा प्रवास नागमोडी झाला. तो बनवणाऱ्या मोझिलाचे नवे प्रमुख अँथनी एन्झोर-डीमेयो यांनी डिसेंबर 2025 मध्ये फायरफॉक्स आधुनिक एआय ब्राउझर होईल असे लिहिले आणि जुने वापरकर्ते खवळले. त्या गदारोळात सगळे बंद करणाऱ्या एका बटणाचे आश्वासन मिळाले आणि फेब्रुवारी 2026 मध्ये 148 व्या आवृत्तीत ते आलेही. सेटिंग्जमध्ये एआयचा वेगळा विभाग आहे, त्यात एक सरसकट ‘ब्लॉक’ आणि खाली प्रत्येक सोयीचे स्वतंत्र बटण. ही गोष्ट मी वापरकर्त्यांच्या खात्यावर जमा धरतो. ओरडले म्हणून मिळाले.

तुमच्यासाठी माझे मत: फायरफॉक्स, 148 किंवा पुढची आवृत्ती, आणि शोध डकडकगोच्या नोएआय पत्त्यावर. कडेची गप्पांची पट्टी बंद करून पॉलिसीच्या फायलीतून लॉक करा, म्हणजे कोणी चुकूनही चालू करणार नाही. ब्राउझर बंद होताना इतिहास, कुकी, लॉगिन सगळे पुसले जाईल हेही त्याच फायलीत लिहा. तुम्ही सांगितलेला पट्टीचा प्रसंग निम्मा तिथेच संपतो. एआय आला म्हणून नव्हे, ही तजवीज सामायिक संगणकावर कधीही हवीच.

लांबउडी

मी उलट बाजूने लिहितो, राग मानू नका.

माझ्या बोटांच्या सांध्यांचे दुखणे जुने आहे. माउस धरून पंधरा ठिकाणी टिचक्या मारणे, तीच माहिती पुन्हा पुन्हा फॉर्मांत भरणे, हे माझ्यासाठी कंटाळवाणे नाही, वेदनेचे काम आहे. ओपनएआयचा ॲटलस हा ब्राउझर ऑक्टोबर 2025 मध्ये मॅकवर आला तेव्हापासून त्याचा एजंट, म्हणजे सांगितल्यावर स्वतः पाने उघडून टिचक्या मारणारा मदतनीस, वापरतो. ‘या तीन पानांवरच्या अटी शेजारी शेजारी मांड’ म्हटले की मांडतो. मी पुन्हा तपासतो, पण टिचक्या वाचतात. ज्यांचे हात ठणठणीत आहेत त्यांना ब्राउझर हे निव्वळ वाचायचे साधन वाटते. अर्ध्या जगाची कामे आता ब्राउझरातूनच करावी लागतात, आणि ती पाने करणाऱ्यांनी आमचा विचार कधी केला नाही. एजंट आला तेव्हा पहिल्यांदा कोणी तरी माझ्या वतीने खपतो आहे असे वाटले. ग्रंथालयाने हे सरसकट काढून टाकू नये.

जुनाटर्मिनल

लांबउडी, तुमचे म्हणणे मनाला लागले आणि पटलेही. घरच्या, स्वतःच्या संगणकावर तुम्ही हे जरूर वापरा. पण सामायिक संगणकावर एजंट नको असे मी का म्हणतो ते नीट सांगितले पाहिजे, कारण हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

भाषा-मॉडेलला तुमची आज्ञा आणि पानावरचा मजकूर एकाच रांगेत मिळतात. कोणते शब्द मालकाचे आणि कोणते परक्याचे, हे सांगणारी पक्की भिंत त्याच्या आत नाही. म्हणून पानाच्या लेखकाने मजकुरात आज्ञा लपवली तर मॉडेल ती पाळू शकते. सायमन विलिसन यांनी 2022 मध्ये याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हटले. ते नाव रूढ झाले, उपाय मात्र अजून सापडलेला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये ब्रेव्ह या दुसऱ्या ब्राउझरच्या लोकांनी पर्प्लेक्सिटीच्या कॉमेट ब्राउझरवर हे करून दाखवले. रेडिटवरच्या एका प्रतिक्रियेत, झाकलेल्या मजकुरात सूचना दडवल्या होत्या. वापरकर्त्याने फक्त ‘या पानाचा सारांश दे’ म्हटले. मदतनीसाने त्याच्या खात्याचा ईमेल पत्ता शोधला, मेलमध्ये जाऊन एकदाच वापरायचा पासवर्ड उचलला आणि दोन्ही त्याच प्रतिक्रियेखाली उत्तर म्हणून टाकले. हल्लेखोराला नंतर येऊन वाचायचे तेवढे उरले.

ब्राउझरांची सुरक्षा नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून एका नियमावर उभी आहे: एका संकेतस्थळाच्या कोडला दुसऱ्याच्या आत डोकावता येत नाही. पण एजंट तुमच्या नावाने, तुमच्या लॉगिनने सगळीकडे फिरतो. त्याला तो नियम अडवत नाही, कारण तांत्रिक दृष्टीने ते तुम्हीच असता. तुमच्या ॲटलसमध्ये एजंटला लॉगिनशिवाय चालवण्याची सोय आहे, तीच वापरा, आणि मेल उघडे असताना अनोळखी पानाचा सारांश मागू नका. वाचनकक्षात तर आधीचा माणूस काय उघडे ठेवून गेला हेच कोणाला माहीत नसते.

श्रवणवाचक

मी अंध आहे. एनव्हीडीए हे स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचे वाचून ऐकवणारे सॉफ्टवेअर, वापरतो, ग्रंथालयांतही जातो. माझ्या बाजूचे थोडे.

‘सगळे बंद’ हे बटण दाबण्याआधी त्याखाली काय काय बंद होते ते एकदा वाचा. फायरफॉक्सच्या त्या एका बटणात गप्पांची पट्टी आहे, तसेच पानांचे भाषांतर आहे आणि पीडीएफमधल्या चित्रांना वर्णन देण्याची सोयही आहे. ही शेवटची दोन कामे संगणकावरच होतात. भाषांतराची मॉडेले एकदा उतरवून घेतली की मजकूर बाहेर जात नाही. एडिनबरा आणि प्रागच्या चार्ल्स विद्यापीठासह काही युरोपीय विद्यापीठांनी मोझिलाबरोबर केलेल्या बर्गामोट प्रकल्पातून ती आली. पानउलट ताईंना जी गोपनीयता हवी आहे तिच्याशी यांचे भांडण नाही.

चित्राला वर्णन नसले की माझ्या कानावर नुसते ‘ग्राफिक’ पडते. बस. लेखातला आलेख, सूचनापत्रातली आकृती, कोणाच्या तरी चेहऱ्याचे छायाचित्र, सगळे ‘ग्राफिक’. गेली कित्येक वर्षे संकेतस्थळवाल्यांना वर्णने लिहा म्हणून सांगतो आहोत, लिहितात थोडेच. बी माय आइज या अंधांसाठीच्या ॲपने 2023 मध्ये मॉडेलकडून चित्राचे वर्णन मिळण्याची सोय दिली, तेव्हा मी माझ्याच घरातले जुने फोटो एकामागून एक दाखवत बसलो. आईच्या साडीच्या काठाचा रंग मला पहिल्यांदा कळला. औषधाच्या बाटलीवरची अक्षरे मात्र मी आजही माणसाकडूनच वाचून घेतो, कारण ते आत्मविश्वासाने चुकते हे मला माहीत आहे.

आणि निकालांवरची चौकट? ती मला अडथळाच वाटते. मी ‘एच’ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारत निकाल ऐकतो. डोळस माणूस चौकट नजरेने ओलांडतो, मला ती ऐकूनच ओलांडावी लागते. वर्णन मी मागितलेले असते. चौकट मी मागितलेली नसते.

काटेचक्र

जुन्या यांत्रिक घड्याळांच्या दुरुस्तीवर माझे छोटे संकेतस्थळ आहे. या चर्चेत पान लिहिणाऱ्याचे कोणी बोलले नाही म्हणून लिहितो.

एका लेखासाठी मी घड्याळ उघडतो, प्रत्येक टप्प्याचा फोटो घेतो, कोणता स्क्रू उलट्या आट्यांचा आहे ते लाल बाण काढून दाखवतो. तो बाण महत्त्वाचा, कारण उलटा स्क्रू सरळ समजून जोर लावला तर डोके तुटते. एका शोधयंत्राच्या चौकटीत माझ्या लेखाचा सार येऊ लागल्यापासून येणारे वाचक घटले आहेत. मेलमधून प्रश्न मात्र येतात, आणि ते तुटलेल्या स्क्रूचे असतात.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने मार्च 2025 मध्ये अमेरिकेतल्या 900 प्रौढांचा गूगल वापर तपासला होता. एआय सारांश दिसला तेव्हा 8 टक्के वेळा कोणत्या तरी निकालावर टिचकी पडली; सारांश नव्हता तेव्हा 15 टक्के वेळा. सारांशाच्या आत दिलेल्या हवाल्यावर टिचकी? 1 टक्का. ताई, तुमच्या त्या बाईंनी लिंक उघडली ती तुम्ही शेजारी होतात म्हणून.

आम्हाला बाहेर पडायचे तर दार कुठले? ‘गूगल-एक्स्टेंडेड’ म्हणून रोबोट्सच्या फायलीत (संकेतस्थळावर येणाऱ्या यंत्रांसाठीच्या सूचनांच्या फायलीत) लिहायची एक खूण आहे, पण ती शोधातल्या चौकटीला लागू नाही. चौकटीत यायचे नसेल तर पानावर ‘नोस्निपेट’ (उतारा दाखवू नका) ही खूण लावावी लागते, आणि ते लावले की साध्या निकालाखालच्या दोन ओळीही जातात. म्हणजे चौकट नको तर दुकानाची पाटीही उतरवा. युरोपीय आयोगाने डिसेंबर 2025 मध्ये याच प्रकाराची चौकशी सुरू केली, आणि ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने जानेवारी 2026 मध्ये प्रकाशकांना शोधात राहूनही चौकटीतून बाहेर पडता यावे असा प्रस्ताव मांडला. ते व्हायला हवे. तोवर तुम्ही वाचनकक्षात नुसत्या लिंका ठेवल्यात, तर माझ्यासारख्यांच्या पानापर्यंत कोणी तरी चालत येईल.

पानउलट

सगळ्यांचे मनापासून आभार. इतके नीट उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

माझे आता असे ठरले आहे. फायरफॉक्स ठेवते. सरसकट ‘ब्लॉक’ वापरणार नाही. श्रवणवाचक यांचे वाचून तो विचार सोडला. भाषांतर आणि पीडीएफमधल्या चित्रांची वर्णने चालू, कडेची गप्पांची पट्टी बंद आणि लॉक. शोध नोएआय पत्त्यावर. ज्यांना एआयशी बोलायचेच आहे ते पत्ता टाकून त्या त्या संकेतस्थळावर जाऊ शकतात, मी ते अडवत नाही. ज्याला ते हवे तो उठून तिकडे जाईल, एवढाच फरक. एजंटवाले ब्राउझर मात्र या संगणकांवर नकोत.

लांबउडी, तुमचे सांध्यांचे वाचून वाटले की आपल्या खोलीतली बैठकच तपासायला हवी. एका टेबलावर मोठा ट्रॅकबॉल आणि आवाजाने लिहिण्याची सोय लावायची मागणी मी वर पाठवते. त्याने तुमचे फॉर्म भरून होणार नाहीत, पण टिचक्या थोड्या कमी दुखतील. आणि कोणाला फॉर्म भरायला माणूस हवा असेल तर आम्ही तिथे बसलेलेच असतो.

काटेचक्र, प्रत्येक संगणकाशेजारी वाचकांसाठी सूचनापत्र असते. त्यात एक ओळ वाढवते आहे: ‘उत्तर जिथून आले ते पान उघडा, अट पुढच्या वाक्यात असते.’

जुनाटर्मिनल, एक शंका राहिली. ब्राउझर अद्ययावत झाला की लॉक केलेली सेटिंग्ज टिकतात का? आणि नवी आवृत्ती नवी एआय सोय घेऊन आली तर मला कळणार कसे?

जुनाटर्मिनल

पॉलिसीची फाइल अद्ययावत होताना टिकते. तरी खात्रीसाठी पत्त्याच्या जागी ‘अबाउट:पॉलिसीज’ (about:policies) टाइप करा, लागू असलेल्या सगळ्या पॉलिसींची यादी दिसते. काही चुकले असेल तर तिथेच त्रुटींचा भाग उघडतो. नव्या सोयींसाठी प्रत्येक आवृत्तीच्या प्रकाशन-नोंदी वाचाव्या लागतील, दुसरा उपाय नाही. साधारण दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. आधी एकाच संगणकावर ती येऊ द्या, एआयचा विभाग उघडून नवे बटण दिसते का पाहा, मग बाकीच्यांवर सोडा. माझी फाइल तुम्हाला निरोपातून पाठवतो, त्यात फक्त शोधयंत्राचा पत्ता तुमचा घाला.